मिठाविना प्रोब चिकटेना

ग्राफीन ऑक्साइडवर, म्हणजे कार्बनच्या ऑक्सिजनयुक्त अतिपातळ पापुद्र्यावर, फ्लुओरेसीन हा चमकणारा रंग लावलेला एकपदरी डीएनए (हाच प्रोब) चिकटला की त्याची चमक विझते; जुळणारा डीएनए भेटला की जोडी जमते, प्रोब सुटतो आणि पुन्हा चमकतो. माझ्याकडे चमक विझतच नव्हती. आठवडाभर मी ग्राफीन ऑक्साइडच वाढवत बसले. घोळ पाण्यात होता: प्रोब मी नुसत्या शुद्ध पाण्यात मिसळत होते. प्रोब आणि ग्राफीन ऑक्साइड, दोघांवरही ऋण प्रभार, मग जवळ येणार कसे? मिठातले धन आयन हा दुरावा झाकतात, म्हणून १०० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, म्हणजे साधं मीठच, आणि ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड घातलं. पीएच ७.५ ठेवला, कारण आम्लात फ्लुओरेसीन स्वतःच मंदावतं आणि फसगत होते. काही मिनिटांत चमक उतरली. फार आनंद झाला! सीरममधली, म्हणजे रक्तातल्या द्रवातली, प्रथिनं मात्र प्रोबला ग्राफीन ऑक्साइडवरून ढकलून देतात, म्हणून सीरमचा नमुना आधी पातळ करते.