दातावरच्या कॅपचा रंग बदललाय? आधी तो रंग नेमका कुठे आहे ते बघा

बसवली तेव्हा कॅप शेजारच्या दातांत ओळखूही येत नव्हती आणि आता आरशात आधी तीच दिसते. अशा वेळी बहुतेकांचा हात दात पांढरे करणाऱ्या पेस्टकडे जातो. थोडं थांबा. रंग कॅपवर आहे, कडेला आहे की आतून येतोय, यावर उपाय ठरतो.

ब्रश करून, चूळ भरून दिवसाउजेडी खिडकीजवळ आरसा घेऊन उभे राहा. ओठ बोटाने वर उचला आणि कॅप हिरडीला टेकते ती कड नीट बघा. एक फोटो काढून ठेवा, डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडतो.

डाग वरवरचा असेल तर जीभ फिरवून बघा. खरखरीत लागलं, तर सिरॅमिकवरचा काचेसारखा गुळगुळीत थर, म्हणजे ग्लेझ, झिजलेला असण्याची शक्यता आहे. सिरॅमिक स्वतः सहसा रंग शोषत नाही, पण खडबडीत जागी चहा, कॉफी, तंबाखू चिकटून बसतात. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश बरेच दिवस वापरला तरी तपकिरी डाग पडतात. हे डाग दवाखान्यात साफ होतात आणि सिरॅमिकसाठीच्या पॉलिशने कॅप पुन्हा गुळगुळीत करता येते. घरी कोळशाची पावडर, खाण्याचा सोडा किंवा लिंबू चोळू नका. उरलासुरला ग्लेझही जाईल आणि पुढचे डाग आणखी लवकर धरतील. तात्पुरती कॅप पिवळी पडली असेल, तर तिच्यामागे लागूच नका, ती बदलायचीच असते.

हिरडीलगत काळी किंवा राखाडी रेघ दिसत असेल, तर कॅप बहुधा आतून धातूची आणि वरून सिरॅमिकची आहे. वयाने किंवा जोरजोरात ब्रश केल्याने हिरडी मागे सरकते आणि धातूची कड उघडी पडते. ती घासून जाणार नाही. कॅप घट्ट असेल, दुखत नसेल आणि हसताना रेघ दिसत नसेल, तर मी तरी ती तशीच ठेवीन.

पण याच जागी कीडही दिसते, आणि गल्लत होते ती इथेच. कडेला फ्लॉस, म्हणजे दातांमधली फट साफ करायचा धागा, हळूच घालून वर-खाली करा. तो अडकत असेल, त्याचे धागे सुटत असतील, बाहेर काढल्यावर वास येत असेल किंवा कॅप हलत असेल, तर कडेतून फट पडून आत दात किडत असण्याची शंका घ्या. अशा वेळी दिसण्याचा विचार बाजूला ठेवून लगेच तपासून घ्या.

सगळी कॅपच करडी दिसते तेव्हा बऱ्याचदा खालचा दात काळवंडलेला असतो. रूट कॅनॉल झालेल्या दातावर पातळ, पारदर्शकशी कॅप असली की असं होतं. मग कमी पारदर्शक नवी कॅप करावी लागते.

कधी कधी कॅप आहे तशीच असते, बाकीचे दात पिवळे पडलेले असतात! ब्लीचिंगने नैसर्गिक दात उजळतात, कॅपचा रंग बदलत नाही. म्हणून नवी कॅप करायची असेल तर ब्लीचिंग आधी उरकून घ्या, निदान २ आठवडे रंग स्थिर होऊ द्या आणि मगच कॅपची शेड, म्हणजे रंगछटा, ठरवा.

शेड भेटीच्या सुरुवातीलाच घ्यायला सांगा. तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात कोरडे पडतात आणि आहेत त्याहून पांढरे दिसतात. लिपस्टिक पुसून जा. हिरडीशी पुन्हा काळी रेघ नको असेल, तर झिर्कोनियासारख्या बिनधातूच्या कॅपबद्दल विचारा. कॅप नुसती बसवून दाखवतील तेव्हा खुर्चीवरून उठून खिडकीशी जा, आरशात हसून बघा आणि खटकत असेल तर तिथल्या तिथे बोला. पक्कं सिमेंट लागल्यावर ती बहुतेक वेळा कापूनच काढावी लागते.