आजारी माणसाला गरम पाण्याच्या पिशवीने शेक कसा द्यावा

डॉक्टरांनी शेक सांगितलाय आणि कुठे द्यायचा ते कळलंय, असं धरून लिहिते. मार लागून दोन दिवस व्हायचे असतील, जागा सुजून तापली असेल, कुठून रक्त येत असेल किंवा पोटात अचानक दुखू लागलं असेल, तर पिशवीला हात लावू नका. दुखण्यावरचं मलम चोळलेल्या जागेवरही शेक नको.

आता पाणी. सगळं अडतं ते इथे, आणि मलाही हीच पायरी सर्वांत जड गेली. ‘अर्धं उकळतं, अर्धं गार’ हे माप जो तो सांगतो. त्याने थंडीतही पाणी ६० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. सोलापुरात मे महिन्यात टाकीतलंच पाणी तापलेलं असतं, तेव्हा तर त्याहून वर. एवढ्या गरम पाण्याने कातडी भाजायला काही सेकंद पुरतात. म्हणून पाणी आधी जगमध्ये एकत्र करायचं, मोजायचं, मगच पिशवीत ओतायचं. धडधाकट मोठ्या माणसाला ४६ ते ५२ अंश. म्हातारं, अशक्त, बेशुद्ध माणूस किंवा दोन वर्षांच्या आतलं मूल असेल तर ४१ ते ४६, त्यापुढे नाही. यासाठी पाण्याचा थर्मामीटर आणा. तापाचा ४२ च्या पुढे जात नाही.

बोट बुडवून अंदाज घेऊ नका. वर्षानुवर्षं तव्यावर ज्वारीच्या भाकरी उलटलेल्या बोटांना जे पाणी कोमट लागतं, ते अंथरुणावरच्या आजीची पाठ भाजतं. थर्मामीटर नसेलच, तर कोपराच्या आतल्या बाजूला पाणी लावून बघा. तिथे सुखाचं वाटलं पाहिजे. ‘सोसतंय’ म्हणजे जास्त झालं.

पिशवी निम्म्याहून थोडी जास्त भरा, दाबून हवा काढा, बूच घट्ट लावा, उलटी करून गळत नाही ना बघा, पुसा. वर कोरडा टॉवेल गुंडाळा. टॉवेलची आपल्याकडे वाण नाही, तेव्हा ओला वापरू नका. त्यातून चटका लवकर बसतो. पिशवी अंगावर ठेवायची, अंगाखाली कधीच नाही.

पाच मिनिटांनी पिशवी उचलून कातडी बघा. “चटका बसतोय का?” एवढं विचारून भागत नाही, कारण थोड्या वेळात कातडीला ऊब सवयीची होते आणि पेशंट म्हणतो, “सिस्टर, गार झाली, अजून गरम करा की.” ऐकू नका. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, म्हणून हाताची मागची बाजू लावून बघा. जागा फार तापलेली, ताठरलेली किंवा पांढुरकी वाटली की थांबा. नाहीतर २० मिनिटांनी काढा. अर्ध्या तासापुढे रुंदावलेल्या रक्तवाहिन्या परत आकसायला लागतात, उष्णता वाहून जात नाही आणि भाजण्याची भीती वाढते. पुढचा शेक तासाभराने. पिशवी घेऊन झोपू देऊ नका.

साखरेमुळे पाय बधिर झालेत, लकव्याने एक बाजू गेलीये, अशा जागी पिशवी ठेवूच नका. थंडीत पाय गार पडले म्हणून घरचे प्रेमाने ठेवतात आणि सकाळी तळव्याला फोड दिसतो. मोजे घाला, चादर पांघरा.

तरी भाजलंच, तर त्या जागी २० मिनिटं गार पाणी सोडा. उन्हाळ्यात नळाला गरम पाणी येतं, तेव्हा माठातलं. हळद नाही, टूथपेस्ट नाही, बर्फ नाही. फोड फोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.