डावीकडून उन्हाळा, उजवीकडून पावसाळा: मुलांसोबत करावयाचे घडीचे ऋतुचित्र

ऋतूंवरच्या हस्तकलेचे तयार नमुने पाहिले, तर त्यांत बर्फाचा माणूस आणि लाल पानगळ हमखास असते. साताऱ्याच्या मुलाने यांपैकी काहीच अंगणात पाहिलेले नसते. त्यापेक्षा त्याने कास पठार काढावे. एप्रिल-मे महिन्यांत वाळल्या गवताचे आणि उघड्या जांभ्या दगडाचे दिसणारे हे पठार ऑगस्टच्या अखेरीपासून रंगांनी भरून जाते. हा पालट एकाच कागदावर दाखवता येतो. कागद पंख्यासारखा चुण्यांत दुमडला, की प्रत्येक चुणीची एक बाजू डावीकडे आणि दुसरी उजवीकडे तोंड करते. म्हणून डावीकडून एक चित्र दिसते, उजवीकडून दुसरे.

साहित्य साधे आहे: चित्रांसाठी दोन पांढरे कागद, ५२ सेंमी लांब व १८ सेंमी उंच कापलेला कार्डशीट, सुमारे ४० सेंमी रुंदीचा जाड पुठ्ठा, पट्टी, पेन्सिल, कात्री, ग्लू स्टिक आणि शाई संपलेले बॉलपेन. पातळ डिंक टाळावा, कारण त्यातील पाण्याने कागद फुगतो. रंगांसाठी रंगीत पेन्सिली किंवा स्केचपेन घ्यावेत. ऑइल पेस्टलचा रंग चुण्या मिटल्यावर समोरच्या पट्टीला लागतो.

चित्रे काढताना

दोन्ही चित्रे २४ सेंमी रुंद आणि १८ सेंमी उंच असावीत, आणि दोन्हींची बाह्यरेषा एकच असावी. या कृतीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. क्षितिज, मागचा डोंगर, एखादे झाड आणि पायवाट पहिल्या कागदावर काढून घ्यावी, त्यावर दुसरा कागद ठेवून दोन्ही खिडकीच्या काचेला टेकवावेत आणि त्या रेषा गिरवून घ्याव्यात. जागा तीच राहिली, तरच पाहणाऱ्याला ऋतू बदलल्याचे जाणवते; एका कागदावर सूर्य आणि दुसऱ्यावर छत्री काढली, तर दोन वेगळी चित्रे आलटूनपालटून दिसतात, इतकेच.

रंगवताना मुलांशी थोडे बोलावे. पठारावर जांभ्या दगडावर मातीचा थर अगदी पातळ असल्यामुळे तेथे पाणी फार काळ टिकत नाही, म्हणून उन्हाळ्यात मोठी झाडी नव्हे, तर पिवळे गवत आणि तांबूस-काळा दगडच दिसतो. पावसाळ्याच्या चित्रात सोनकी पिवळी, तेरडा गुलाबी, सीतेची आसवे निळी आणि गेंद पांढरा रंगवावा. प्रत्येक फूल पाकळ्यांसह काढत बसू नये, ठिपक्यांचे पट्टे पुरेत. दुरून पठार तसेच दिसते. सांगलीच्या मुलांना कृष्णाकाठ अधिक जवळचा वाटेल: एका चित्रात उघडी पडलेली वाळू आणि घाटाच्या सगळ्या पायऱ्या, दुसऱ्यात त्याच पायऱ्यांवर चढलेले गढूळ पाणी.

कापणे, दुमडणे, चिकटवणे

कार्डशीटच्या दोन्ही टोकांना २ सेंमी जागा सोडून मधल्या ४८ सेंमीवर दर ३ सेंमीला उभी रेषा आखावी. पट्टी धरून प्रत्येक रेषेवरून रिकामे बॉलपेन दाबून फिरवावे. यामुळे जाड कागदही सरळ मोडतो. टोकाची पहिली घडी आत जाणारी, पुढची वर उठणारी, या क्रमाने सर्व १७ घड्या घालून कागद पुन्हा सपाट करावा. चिकटवण्याआधी घड्या घालाव्यात, नंतर नव्हे.

आता चित्रे पाठीमागून दर ३ सेंमीवर आखावीत. प्रत्येकी ८ पट्ट्या होतील. क्रमांक पाठीवर लिहिताना घोटाळा हमखास होतो, कारण पान उलटले की चित्राची डावी कड उजवीकडे जाते. म्हणून पाठीवर उजवीकडून डावीकडे १ ते ८ आकडे घालावेत. उन्हाळ्याच्या आकड्यांपुढे ‘उ’ आणि पावसाळ्याच्या आकड्यांपुढे ‘पा’ लिहावे. त्यानंतरच कात्री चालवावी. लहान मुलांनी आकडे घालावेत, कापण्याचे काम मोठ्यांनी करावे.

कार्डशीटवर डावीकडून उ१, पा१, उ२, पा२ अशा पट्ट्या चिकटवत पा८पर्यंत जावे. प्रत्येक पट्टी दोन घड्यांच्या मधल्या जागेत बसली पाहिजे. ती घडीवर आली, तर कडेने केसभर कापावी. उ१ आणि पा१ यांच्या मध्ये वर उठणारी घडी आली, तर क्रम बरोबर आहे. ती आत जाणारी असेल, तर टोकापासून घड्या उलट पडल्या आहेत. त्या तशाच मोडून उलट्या कराव्यात.

वाळल्यावर चुण्या मिटवून, दोन्ही टोकांच्या मोकळ्या कडा एकमेकींपासून सुमारे ३४ सेंमी अंतरावर येतील अशा बेताने पुठ्ठ्यावर चिकटवाव्यात. या अंतरावर शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये जवळपास काटकोन होतो आणि तिरक्या नजरेला एकच चित्र सलग दिसते. कागद याहून जास्त ताणला, तर दोन्ही चित्रे एकदम दिसू लागतात. समोरून पाहिल्यास ती एकमेकांत मिसळलेली दिसतात, तेवढे चालते. हे चित्र मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, येण्याजाण्याच्या वाटेवरच्या भिंतीला लावावे. शाळेत न्यायचे असेल, तर पुठ्ठ्याला एकच टोक चिकटवावे आणि दुसऱ्या टोकाला कागदी चिमटा लावावा, म्हणजे चुण्या मिटवून ते दप्तरात मावते.