वकिलाच्या कपाटातला कागद शिस्तपालन समितीपुढे कसा आणायचा

भूसंपादनाची वाढीव रक्कम कोर्टात जमा झाली, वकिलाने ती उचलली आणि शेतकऱ्याच्या हाती निम्मीच पडली, अशा तक्रारी माझ्याकडे सगळ्यांत जास्त येतात. तक्रारदार पिशवीभर कागद घेऊन येतो, पण हवा तो त्यात नसतो.

वकिलांवर नियंत्रण ठेवणाऱ्या राज्याच्या बार कौन्सिलने कलम 35 खाली प्रकरण शिस्तपालन समितीकडे सोपवलं की मगच कागदांची सक्ती करता येते. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, 1961 चं कलम 42 या तिघांच्या समितीला दिवाणी कोर्टाचे अधिकार देतं: साक्षीदाराला समन्स, कागद हजर करण्याचा हुकूम, कुठल्याही कोर्टातलं किंवा कचेरीतलं सरकारी दप्तर मागवणं.

तरी आधी कोर्टात नकलेचे अर्ज टाका. रोजनामा (तारीखवार कामकाजाची नोंद), रक्कम काढण्याचा अर्ज, त्यावरचा हुकूम, वकीलपत्र. रक्कम उचलण्याचा अधिकार वकीलपत्रात मागाहून घुसडलाय का, हे नकलेत दिसत नाही. शाई मूळ कागदावरच कळते. म्हणून मूळ वकीलपत्र आणि नाझराकडचं (कोर्टातले पैसे सांभाळणारा कर्मचारी) पेमेंट व्हाउचर कलम 42 खाली मागवा. व्हाउचरवर चेक कोणाच्या नावे निघाला आणि घेतल्याची सही कोणाची, हे बघायचं. त्यासाठी न्यायाधीशांना बोलवायला जाऊ नका, त्याला हायकोर्टाची पूर्वपरवानगी लागते. नाझराला समन्स काढा.

अर्जात ‘जाबदाराकडील सर्व कागदपत्रे’ (जाबदार म्हणजे तक्रार झालेला वकील) लिहिलंत की अर्ज बुडाला. ‘जाबदाराच्या अमुक शाखेतील अमुक खात्याचा 1 एप्रिल ते 30 जून 2022 चा उतारा’ असं लिहा. प्रत्येक कागदापुढे तो कोणाच्या ताब्यात आहे आणि त्यातून काय शाबीत करायचंय, तेही. उतारा थेट बँकेकडून मागवा, बँकर्स बुक्स एव्हिडन्स अ‍ॅक्टखालच्या दाखल्यासह. वकिलाने स्वतः काढून दिलेल्या उताऱ्यावर मी तरी विसंबत नाही.

समोरून काय येणार, ते ठरलेलं असतं. ‘फी बाकी आहे, म्हणून फाइल देत नाही.’ त्याला आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा हा 2000 चा सुप्रीम कोर्टाचा निवाडा दाखवा: फीसाठी पक्षकाराची फाइल अडवता येत नाही, अडवणं हीच गैरवर्तणूक. ‘गोपनीय आहे.’ गोपनीयतेचं संरक्षण पक्षकाराचं, आणि इथे पक्षकारच कागद मागतोय. ‘गहाळ झालं.’ मग दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 11, रूल 12 प्रमाणे शपथेवर लिहून मागा: कोणते कागद होते, कधी हातातून गेले, आता कुठे आहेत. समितीपुढचं काम न्यायिक कार्यवाही धरलं जातं, त्यामुळे खोटं शपथपत्र अंगाशी येतं. शपथेवर लिहायची वेळ आली की गहाळ फाइल कधीकधी सापडते! नाहीच सापडली तर झेरॉक्स दुय्यम पुरावा म्हणून पुढे करता येते. हिशेबाची वही मात्र ‘नव्हतीच’ म्हणाले तर वाद घालू नका, ते उत्तर रोजनाम्यावर घ्या. पक्षकाराच्या पैशांचा हिशेब ठेवणं बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलावर बंधनकारक आहे.

बाहेरचा साक्षीदार समन्सला दाद देत नसेल तर समिती ते त्या भागातल्या दिवाणी कोर्टामार्फत पाठवू शकते, आणि ते कोर्ट स्वतःच्या समन्ससारखी त्याची अंमलबजावणी करतं. ही मागणीही लेखीच करा.

कागद मागवण्याचा अर्ज पहिल्याच तारखेला द्या. तक्रार मिळाल्यापासून वर्षभरात निकाल लागला नाही तर कलम 36ब प्रमाणे प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं, आणि पुढच्या तारखा तिकडे. अर्ज नामंजूर झालाच तर कारणांसह लेखी हुकूम मागून घ्या. अंतिम निकालावर 60 दिवसांत अपील करताना तो लागतो.