अमेरिकेतल्या बांधकाम खर्चाचे आकडे कसे वाचावेत

न्यू जर्सीत एका इलेक्ट्रिकल सबकॉन्ट्रॅक्टरकडे मी एस्टिमेटर, म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाज काढणारा, आहे. पुढे कुठल्या कामांसाठी बिड भरायचं हे ठरवताना सेन्सस ब्युरो या सरकारी आकडेवारी संस्थेचा बांधकाम खर्चाचा मासिक अहवाल मी वाचतोच. इथे नव्याने नोकरीला लागलेली आपली सिव्हिलची मुलं बातमीच्या मथळ्यावर थांबतात. तसं करू नका, सरळ तक्ता उघडा.

सप्टेंबरच्या सुरुवातीला येणारा अहवाल जुलैचा असतो. वर २,१०० अब्ज डॉलर दिसले म्हणजे जुलैत तेवढं काम झालं असं नव्हे. हंगामाचा परिणाम काढून, याच गतीनं वर्षभर काम चाललं तर किती होईल, तो हा आकडा. महिन्याचा अंदाज हवा तर बारानं भागा.

मग टक्केवारीशेजारचं ± बघा, म्हणजे आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते. समजा वाढ ०.३ टक्के आणि पुढे ±१.० असेल, तर वाढ झाली की घट हेच सांगता येत नाही. तेवढ्यावर बॉसला ‘मार्केट वर चाललंय’ असं सांगू नका.

हे डॉलर चालू भावाचे असतात. २०२१ मध्ये लाकूड भडकलं तेव्हा तेवढ्याच घरांचा खर्च फुगलेला दिसला. म्हणून वर्षावर्षांची तुलना करण्याआधी आकड्याला किंमत निर्देशांकानं भागा: घरांसाठी सेन्ससचाच मिळतो, शाळा-गोदामांसाठी कामगार सांख्यिकी विभागाचा.

आता खरं काम. निवासी आणि अनिवासी ओळी वेगळ्या करा. ऑगस्ट २०२२ मध्ये चिप्स कायदा आला, म्हणजे अमेरिकेत सेमीकंडक्टर कारखाने उभारायला सरकारी मदत देणारा कायदा. २०२१ ते २०२३ मध्ये कारखान्यांच्या बांधकामाचा खर्च दुपटीहून वर गेला. त्याच काळात गृहकर्जाचा दर तीन टक्क्यांवरून सातच्या पुढे गेला आणि सिंगल फॅमिली, म्हणजे एका कुटुंबासाठीच्या स्वतंत्र, घरांचं काम घसरलं. एकूण बेरीज मात्र वाढतच होती, तिच्यात ही घसरण दिसत नाही.

‘ऑफिस’ ही ओळ तर फार फसवी आहे, कारण डेटा सेंटर तिच्यातच मोजतात. त्यांची पोटओळ आता वेगळी मिळते, ती वजा करा. आमच्या धंद्यात हा फरक मोठा: डेटा सेंटर म्हणजे स्विचगिअर (वीज नियंत्रणाची मोठी पॅनेल), जनरेटर, जाड फीडर (मुख्य केबल); ऑफिस फिटआउट, म्हणजे आतली सजावट-जोडणी, म्हणजे दिवे आणि ब्रांच सर्किट (दिवे-प्लगपर्यंतचं वायरिंग). माणसंही वेगळी लागतात.

सिंगल फॅमिलीचा खर्च सुरू झालेल्या घरांवरून, पुढच्या महिन्यांत पसरवून काढतात. पुढचा अंदाज हवा तर परमिट, म्हणजे घरं बांधायला मिळालेल्या परवानग्या, बघा.

मागच्या दोन महिन्यांचे आकडे पुढच्या अहवालात सुधारून येतात, म्हणून बिडच्या फाइलमध्ये आकड्यासोबत अहवालाची तारीखही लिहा.