बारावीनंतर कॉलेजात टिकायचं कसं: घरातून पहिल्यांदाच पदवीला जाणाऱ्या सोलापूरच्या मुलामुलींसाठी

आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर, घरी तेलुगू किंवा कन्नड, शाळा मराठी माध्यमाची आणि बी.एस्सी.ची पुस्तकं इंग्रजीत. सोलापुरात असं घर शोधायला लांब जावं लागत नाही. या घरांतल्या मुलांसाठी सरकारी योजना आहेत, कॉलेजात सोयी आहेत, विद्यापीठाच्या नियमांत तरतुदी आहेत. पण त्यातलं काहीही आपणहून दारात येत नाही. पैशाची मदत कागद दाखवून मिळते, अभ्यासाची मदत तोंड उघडून मागावी लागते. सगळी धावपळ पहिल्या मदतीसाठी होते आणि दुसरी राहून जाते. म्हणून या लेखात दुसरीला जास्त जागा दिली आहे.

कागद निकालाच्या आधी

बारावीचा शेवटचा पेपर झाला की कामाला लागा. निकालानंतर सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. उत्पन्नाचा दाखला १ एप्रिलनंतरचा घ्या, आर्थिक वर्ष बदललं की जुना बहुधा चालत नाही. विडी किंवा मागाच्या कामाला पगाराची पावती नसली, तर तलाठ्याचा अहवाल आणि स्वयंघोषणापत्र उपयोगी पडतं. अर्ज 'आपले सरकार' पोर्टलवर करा नाहीतर सेतूत द्या, पण पोचपावती सांभाळा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं प्रत्येक दाखल्याला मुदत ठरवून दिली आहे. ती उलटली तर पावतीच्या जोरावर अपील करता येतं.

जातीच्या दाखल्यात मात्र सोलापूरच्या पूर्व भागातली तेलुगू विणकर घरं हमखास अडकतात. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसी व विशेष मागास प्रवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. पद्मशाली समाज महाराष्ट्रात विशेष मागास प्रवर्गात येतो. आजोबा तेलंगणातून मागावर कामाला आले असतील, तर ते त्या तारखेआधी महाराष्ट्रात राहत होते हे दाखवावं लागतं. त्यासाठी सगळ्यात भक्कम कागद म्हणजे आजोबांच्या किंवा चुलत आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा निर्गम उतारा, म्हणजे शाळेत दाखल झाल्याच्या-सोडल्याच्या नोंदीची नक्कल. त्या काळच्या शाळेत जाऊन तो मागा. शाळा बंद पडली असेल तर तिचं दफ्तर कुठं गेलं याची चौकशी शिक्षण मंडळात करा.

उतारा हाती आला की घाईनं घडी घालून पिशवीत टाकू नका, नीट वाचा. त्यात आडनाव 'गुंडेटी', वडिलांच्या दाखल्यावर 'गुंडेट्टी' आणि तुमच्या आधारवर तिसरंच काहीतरी, असा प्रकार सर्रास आढळतो. तेलुगू आडनावं मराठी मास्तरांनी कानाला ऐकू आली तशी लिहिली, त्याला इलाज नाही. वंशावळीच्या शपथपत्रात ही सगळी रूपं नोंदवून 'व्यक्ती एकच' असं लिहून द्या. तुमचं स्वतःचं आधार मात्र दहावीच्या गुणपत्रकाप्रमाणे दुरुस्त करून घ्या, कारण अर्ज तपासताना नावं जुळतात का हे आधी बघितलं जातं.

इंजिनीअरिंग, फार्मसी, वैद्यकीय अशा अभ्यासक्रमाला राखीव जागेवर जायचं असेल तर जात वैधता, म्हणजे जातीचा दाखला तपासून खरा ठरवल्याचं प्रमाणपत्र, लागतेच. तो अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत जिल्हा पडताळणी समितीकडे गेला पाहिजे. बँक खातं तुमच्या नावावर आणि आधारशी जोडलेलं हवं. 'जोडलंय' असं शाखेत तोंडी सांगतात, त्यावर थांबू नका. सरकारी रक्कम याच खात्यावर येईल ना, हे विचारून खात्री करा.

कोणती योजना कोणासाठी

बहुतेक अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर होतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या) शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा अडीच लाख रुपये आहे. तिच्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. त्यामुळे पैसे एकाच दिवशी एकरकमी येतील असं गृहीत धरू नका. खात्यावर आलेली फीची रक्कम कॉलेजात भरायची असते, हेही घरी आधीच सांगून ठेवा. खुल्या प्रवर्गातल्या आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे, मर्यादा आठ लाख. मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठी सोय झाली आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी घरांतल्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे.

विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार मंत्रालयाची वेगळी शिष्यवृत्ती आहे. ती राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरतात आणि आईचं विडी कामगार ओळखपत्र लागतं. एका वेळी दोन शिष्यवृत्त्या घेता येत नाहीत असा सर्वसाधारण नियम आहे. तेव्हा दोन्हीकडे नशीब अजमावण्यापेक्षा आधी आकडे मांडा.

राहण्याचा प्रश्न मंगळवेढा, अक्कलकोट, करमाळ्याकडच्यांना येतो. आधी शासकीय वसतिगृहाला अर्ज करा. तिथं नंबर लागला नाही, तर अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जेवण-राहण्याची रक्कम खात्यावर येते, पण कॉलेज ज्या गावात तिथले तुम्ही रहिवासी नसावं लागतं. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी अशीच 'स्वयम' आहे, तर ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी सावित्रीबाई फुले आधार योजना. ये-जा करणाऱ्यांना एसटीचा विद्यार्थी पास साधारण एक तृतीयांश भाड्यात मिळतो.

अर्ज भरला म्हणजे काम संपलं, हा गैरसमज महागात पडतो. तो आधी कॉलेजच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांकडे, मग सरकारी विभागाकडे जातो. मध्येच त्रुटी काढून परत आला तरी घरी कुणी सांगायला येत नाही. दर आठवड्याला लॉगिन करून बघा. शिष्यवृत्ती विभागातल्या बाईंशी किंवा भाऊसाहेबांशी ओळख ठेवा, वर्षभर उपयोगी पडते.

पहिलं सत्र: गळती इथंच होते

माझ्या पाहण्यात मुलं फीपेक्षा पहिल्या सत्राच्या निकालानं जास्त खचतात. दहावीला ऐंशी टक्के मिळवलेली मुलगी भौतिकशास्त्राच्या तासाला मान खाली घालून बसते, कारण सर 'डिस्प्लेसमेंट' म्हणतात ते शाळेत शिकलेलं 'विस्थापन'च आहे हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. ती हुशारच आहे. तिला दोन महिने हात धरणारं कुणीतरी हवं, एवढंच.

पहिल्या आठवड्यात कॉलेजात तीन चौकश्या करा: ब्रिज कोर्स (शाळा आणि कॉलेजातलं अंतर भरून काढणारे सुरुवातीचे तास) कधी आहे, उपचारात्मक वर्ग (मागे पडलेल्यांसाठीचे जादा तास) कोण घेतं आणि माझे मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, कोण. कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात अभ्यासात मागे पडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी काय केलं, हे कॉलेजांना दाखवावं लागत आलं आहे. त्यामुळे हे वर्ग कुठंतरी फायलीत असतातच. काही ठिकाणी ते फायलीतच राहतात, हेही खरं. म्हणून चार-पाच जण मिळून विभागप्रमुखांकडे जा आणि साधा लेखी अर्ज द्या: 'आम्ही मराठी माध्यमातून आलो आहोत, अमुक विषयाचे जादा तास मिळावेत.' एकट्यानं मागायला लाज वाटते, पाच जणांना वाटत नाही. शिवाय पाच सह्या असलेला अर्ज बाजूला सारणं अवघड जातं.

सरांकडे गेल्यावर 'मला काहीच येत नाही' असं म्हणू नका. त्यावर कुणालाच काही करता येत नाही. 'सूत्र पाठ आहे, पण गणितात कुठलं वापरायचं ते कळत नाही' असं सांगा आणि अडलेलं गणित वहीत दाखवा. एका वहीत मराठी-इंग्रजी संज्ञांची दोन रकान्यांची यादी सुरू करा. रोज तासाला आलेल्या पाच-सात पुरेत. दिवाळीपर्यंत पाठ्यपुस्तक एवढं परकं वाटत नाही. कला-वाणिज्यवाल्यांनी उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते का, हे परीक्षा विभागात आधीच विचारून घ्यावं.

ग्रंथालयात बुक बँकेतली (वापरून परत करायची) पुस्तकं आणि मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका मागा. पुस्तकं विकत घेण्याआधी हे करा. कमवा व शिका योजना असेल तर जरूर घ्या, कामाचे तास कॉलेजच्या वेळेला धरून असतात. बाहेरच्या दुकानातल्या आठ तासांच्या कामापेक्षा ते कितीतरी बरं. हजेरीकडे लक्ष ठेवा, कारण ७५ टक्क्यांची अट परीक्षेइतकीच शिष्यवृत्तीलाही नडते. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर लेखनिक आणि तासाला वीस मिनिटं जादा वेळ यासाठी परीक्षेच्या बऱ्याच आधी अर्ज द्या.

अडलं तर

एखाद्या विषयात नापास झालात तर एटीकेटीवर, म्हणजे तो विषय बाकी ठेवून, पुढच्या वर्गात जाता येतं, मात्र किती विषयांपर्यंत हे तुमच्या अभ्यासक्रमाच्या नियमात बघा. गुण अनपेक्षित वाटले तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. तिला मुदत असते आणि ती लवकर संपते.

कॉलेज ऐकतच नसेल तर लेखी तक्रार विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या नियमांनुसार ही समिती असावीच लागते आणि तिच्यावर विद्यापीठाचे लोकपाल असतात. जिल्ह्यातली कॉलेजं २००४ साली स्थापन झालेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. हे विद्यापीठ एकाच जिल्ह्यापुरतं आणि केगावला पुणे महामार्गावर आहे. पुण्या-कोल्हापूरला खेटे घालावे लागत नाहीत, हा सोलापूरकरांचा फायदा. तो वापरा.

घरच्या कारणानं थांबावंच लागलं तर न सांगता येणं बंद करू नका. नव्या शैक्षणिक धोरणात मिळवलेले क्रेडिट, म्हणजे पास केलेल्या विषयांचे श्रेयांक, अॅकॅडमिक बँक या ऑनलाइन खात्यात सात वर्षांपर्यंत राहतात. पहिलं वर्ष नियमाप्रमाणे पूर्ण केलं असेल तर प्रमाणपत्र, दोन पूर्ण केली तर पदविका घेऊन थांबता येतं आणि पुढे परत प्रवेशही घेता येतो. निघण्याआधी अपार आयडीवर (विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळख क्रमांकावर) क्रेडिट जमा झाले का ते बघा, गुणपत्रकं ताब्यात घ्या आणि थांबत असल्याचा अर्ज देऊन त्याची पोच घ्या.