सारखी दिसणारी फुलपाखरं: साम्य कसं ठरवावं, कसं नोंदवावं

मुंबई-ठाण्यातल्या आरे, येऊर किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून फिरून आलात की फुलपाखरांचे फोटो बाजूला काढा, वहीत तारीख आणि ठिकाण लिहा. इथवर कोणालाही जमतं. अडतं ते 'कोण कोणासारखं दिसतं' हे लिहिताना.

इथे हमखास मिळणारा सल्ला म्हणजे प्रजातींच्या जोड्या लावा. 'कॉमन मॉर्मन हे कॉमन रोझसारखं दिसतं' असं लिहायचं आणि मोकळं व्हायचं. कृपा करून असं लिहू नका. मॉर्मनचा नर रोझसारखा अजिबात दिसत नाही. मादीची तीन रूपं आहेत: सायरस नरासारखं, स्टिकियस कॉमन रोझसारखं, रोम्युलस क्रिमसन रोझसारखं. मग साम्य 'प्रजातीचं' कसं म्हणायचं? नोंद रूपाची हवी. जोडीतल्या दोन्ही फुलपाखरांपुढे प्रजाती, नर की मादी, रूप, पंखांची वरची बाजू की खालची, हे सगळं लिहा. ऋतूही लिहा. कॉमन ईव्हनिंग ब्राउनच्या पंखांखाली पावसाळ्यात डोळ्यांसारखे ठसठशीत ठिपके असतात, कोरड्या दिवसांत तेच वाळक्या पानासारखं होतं.

याच टप्प्यावर मी सगळ्यात जास्त अडखळायचो, म्हणून आणखी एक सांगतो. साम्याची साखळी करू नका. कॉमन माइमचं एक रूप ब्लू टायगरसारखं, दुसरं कॉमन क्रोसारखं. प्रजातीवार गट केलेत तर टायगर आणि क्रो एकाच गटात येऊन बसतील, आणि त्या दोघांत कोणीही गफलत करत नाही. प्रत्येक जोडी स्वतंत्र ठेवा.

साम्य किती, हे टक्क्यांत लिहिणं निरर्थक आहे. गफलत कुठवर टिकते ते लिहा: फक्त उडताना, बसलेलं असतानाही, की चांगल्या फोटोतसुद्धा. त्यालाच लागून फरकाची खूण, आणि ती कुठून दिसते तेही. रोझचं अंग लाल, स्टिकियस मादीचं काळं. फुलावर पंख फडफडत असतानाही हे कळतं. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मधोमध काळे ठिपके असतात, डॅनेड एगफ्लायच्या मादीला तिथे ते नसतात. ग्रास यलो या छोट्या पिवळ्या फुलपाखरांमध्ये मात्र पंखाखालचे बारीक ठिपके नीट दिसल्याशिवाय निर्णय देऊ नका. 'ग्रास यलो, प्रजाती अनिश्चित' ही पूर्ण आणि प्रामाणिक नोंद आहे.

कारणाचा रकाना वेगळा. एगफ्लायची मादी प्लेन टायगरची नक्कल आहे. रुईवर वाढलेला टायगर पक्ष्यांना कडू लागतो, त्याचा फायदा तिला मिळतो. ग्रास यलो एकमेकांसारखे दिसतात ते जवळचे नातलग म्हणून. दोन्ही ठिकाणी 'नक्कल' लिहिलंत तर वही बिघडली.

शेवटी नावं झाकून फोटो एखाद्या नवख्याला दाखवा. तो जिथे चुकेल ती जोडी वहीत नसेल तर घाला.